विहिरीकडचं एक एकर

जिंतूरच्या रजिस्ट्री ऑफिसबाहेर पत्र्याच्या शेडखाली माझं टेबल असायचं. समोर 'परवानाधारक दस्तलेखक' अशी पाटी होती, तरी येणारा प्रत्येक माणूस मला 'वकिलीणबाई' म्हणूनच हाक मारायचा. सुरुवातीला मी समजावून सांगायची, "मी वकील नाही हो. भांडण झालं की वकील लागतो. भांडण होऊ नये म्हणून जे आधी लिहून ठेवायचं असतं, ते मी लिहिते." समोरचा मान डोलवायचा आणि म्हणायचा, "बरं, वकिलीणबाई." पुढं मी तो नाद सोडला.

हा धंदा माझ्या वडिलांचा. ते अर्जनवीस होते. लिंगपूजा झाल्याशिवाय पाण्याचा घोट घेत नसत आणि दस्त पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखवल्याशिवाय कुणाची सही घेत नसत. त्यांच्या तोंडी जुन्या निजामी कचेरीतले शब्द असत. वाटणीपत्राला ते तक्सीमनामा म्हणत, मृत्युपत्राला वसियतनामा. मी त्यांच्याजवळ बसूनच शिकले. बाई दस्त लिहिते याचं गावाला काही दिवस नवल वाटलं. मग बायकांच्या ध्यानात आलं की या टेबलापाशी बसून मोकळं बोलता येतं. तिथून नवल संपलं आणि गर्दी सुरू झाली.

घरच्या मिळकतीचे कागद तसे मोजकेच. जिवंतपणी आवडीनं कुणाला काही द्यायचं तर बक्षीसपत्र. आपल्या माघारी द्यायचं तर मृत्युपत्र. सामाईक जमिनीचे हिस्से पाडायचे तर वाटणीपत्र. आपला हिस्सा दुसऱ्या वारसाच्या पदरात टाकून मोकळं व्हायचं तर हक्कसोडपत्र. माझी सगळी हयात एवढ्यातच गेली, आणि तरी एकही दस्त दुसऱ्यासारखा निघाला नाही.

दोघा भावांनी एकदा वाटणीत बांधावरचा आंबाही वाटून मागितला. झाड कापायचं नाही, फळंही मोजत बसायची नाहीत. म्हणून त्यांनीच तोड काढली, एक साल थोरल्याचं आणि एक साल धाकट्याचं. मी तसं लिहिलं. सगळे खूश होऊन गेले. पण ते झाड एक सालाआड लागणारं! थोरल्याच्या साली फांद्या वाकायच्या आणि धाकट्याच्या साली नुसता पाला. धाकटा बिचारा दर उन्हाळ्यात मला भेटून जायचा आणि म्हणायचा, "वकिलीणबाई, झाडाला तुमचा कागद वाचून दाखवावा म्हणतो." शेवटी पुरवणी लिहून आंबा निम्मानिम्मा केला.

दुसरे एक आजोबा मृत्युपत्रात 'माझ्या तेराव्याला व्याह्यांना बोलावू नये' असं घालायचं म्हणून हटून बसले. व्याही साक्षीदार म्हणून शेजारीच होते. ते शांतपणे म्हणाले, "घाला हो ताई. बोलावलं तरी मी जात न्हाई." आणि सही करून दोघं एकाच मोटारसायकलवर गावाकडं गेले.

पण लोक जेव्हा विचारतात की इतक्या वर्षांत लक्षात राहिलेलं माणूस कोण, तेव्हा मला प्रयागबाई आठवतात.

आमच्याकडं हक्कसोडीचा दिवस म्हणजे लहानसं लग्नच. बाप गेला की सातबारावर सगळ्या लेकरांची नावं लागतात, भावांची तशी बहिणींचीही. मग भाऊ जीप ठरवतो, बहिणींना सासरहून आणतो, साड्या घेतो, सह्या झाल्या की हॉटेलात जेवण देतो. बहिणी नटून येतात. कायद्यानं त्यांचा हिस्सा भावाएवढाच असतो, हे बहुतेकींना माहीत असतं. पण माहेरचा उंबरा बंद होऊ नये म्हणून त्या अंगठा देतात. वडिलांच्या शिस्तीप्रमाणं मी प्रत्येकीला कागद वाचून दाखवायची आणि विचारायची, "समजलं ना काय सोडायलात ते?" त्या मान हलवायच्या. त्या हलणाऱ्या मानेमागं काय होतं, ते कितीतरी जणींचं मला कधी कळलंच नाही. त्याची चुटपुट अजून आहे.

दिवाळी होऊन गेलेली, कापसाच्या वेचणीचे दिवस होते. तालुक्यातल्याच एका खेड्यातला मुंजाभाऊ नावाचा शेतकरी दोन बहिणींना घेऊन आला. थोरली प्रयागबाई, साठीच्या घरातली, मानवतला दिलेली. घरचं बरं होतं, दोन्ही मुलांचं बी-बियाणांचं दुकान चांगलं चालायचं. मधली चंद्रकला परभणीला असायची, बोलकी आणि हसरी. मुंजाभाऊ सगळ्यांत धाकटा. आई-वडील दोघंही गेलेले, आणि सहा एकर जमिनीवर तिघांची नावं लागलेली. दोघी बहिणी हक्क सोडणार आणि सगळी जमीन भावाच्या नावानं होणार, असं ठरवून ते आले होते. साड्यांची पिशवी मुंजाभाऊनं माझ्या टेबलावरच ठेवली होती आणि चंद्रकलेनं ती दोनदा उघडून पाहिली होती.

मी वाचायला सुरुवात केली. नावं झाली, गट नंबर झाला, चतुःसीमा झाल्या. मग नेहमीची ओळ आली, "सदर मिळकतीशी माझा कसलाही संबंध राहिलेला नाही व यापुढे राहणार नाही."

"थांबा बाई," प्रयागबाई म्हणाल्या. "आता काय म्हणलात तुमी?"

मी ओळ पुन्हा वाचली.

"संबंध राहिला न्हाई? कामून राहिला न्हाई?"

"दस्ताची भाषा असते ती, मावशी. सगळ्यांच्याच कागदात असं लिहितात."

"मग माझ्यात दुसरं लिव्हा. लिव्हा की, प्रयागबाई राजीखुशीनं भावाला जमीन देती, पण तिचा संबंध हाय."

मला हसू आलं. पण त्या हसत नव्हत्या. मी सांगितलं, "असं अर्धं लिहिता येत नाही. हक्क सोडला म्हणजे संबंध सोडला, आणि संबंध ठेवला म्हणजे हक्क ठेवला."

मुंजाभाऊ घाईला आला होता. "अक्का, कागदातल्या बोलण्याचं काय धरून बसलीस? आत नंबर लागायलाय."

"मुंजा, ती विहीर खणली तवा तू बोरीच्या झाडाला झोळीत व्हतास," प्रयागबाई म्हणाल्या. "दुष्काळाचं साल व्हतं. बाबा खाली खणायचे, माय टोपलं भरायची अन् मी डोक्यावर घेऊन वर न्यायची. लग्न व्हईस्तोर त्या शेतातच माझं सगळं गेलं. अन् मी आता अंगठा देऊन सांगू की माझा काई संबंध न्हाई?"

"मग काय म्हणणं हाय तुझं?"

मला वाटलं आता पदर सावरतील आणि म्हणतील, जाऊ द्या, लिव्हा काय लिव्हायचं ते. त्या म्हणाल्या, "विहिरीकडचं एक एकर माझ्या नावानं राहू दे. बाकी सगळं तुझं."

"मावशी, कायद्यानं तुमचे दोन एकर होतात," मी म्हणाले. हे सांगणं माझं कामच होतं.

"दोन घेऊन काय करू? मला आपल्या जागंत उभं राहायला एक लय झालं."

मुंजाभाऊचा चेहरा उतरला. "तुझ्या पोरायनी शिकवून पाठवलंय तुला. दुकान हाय, घर हाय, तरी मामाच्या जमिनीवर डोळा."

हे बोलणं प्रयागबाईंना लागलं. त्या उठल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्यांनी फक्त साड्यांची पिशवी हातानं भावाकडं सरकवली. मुंजाभाऊनं ती घेतली नाही. तो तरातरा रस्त्यावर गेला, जीपवाल्याला काहीतरी म्हणाला, आणि जीप निघून गेली.

आम्ही तिघी टेबलाभोवती तशाच. शेडखालचे सगळे लोक आमच्याकडं बघत होते. शेवटी चंद्रकला म्हणाली, "अक्का, हॉटेलातलं जेवण तर गेलं ना गं आता."

तेव्हा प्रयागबाईही हसल्या, आणि हसता हसताच डोळ्याला पदर लावला. मी टेबल आवरलं आणि दोघींना घरी घेऊन आले. माझं घर ऑफिसापासून जवळच आहे. भाकरी थापायला प्रयागबाई स्वतःच बसल्या, माझ्या भाकरीकडं बघून "सरका बाई तुमी" म्हणाल्या. तुरीचं वरण, ठेचा आणि भाकरी असं आम्ही जेवलो. जेवताना त्यांनी सांगितलं की मुलांना यातलं काहीच माहीत नाही. "त्यायला मी म्हणून आले व्हते, अंगठा द्यायला जायलेय. मलाबी माहीत नव्हतं की मी असं बोलंन. तुमी ती वळ वाचली अन् माझ्या तोंडून निघून गेलं."

संध्याकाळच्या आत दोघींना बसस्टँडवर सोडलं. एक मानवतच्या बसमध्ये बसली, एक परभणीच्या. साड्या माझ्याकडंच राहिल्या.

संक्रांत झाल्यावर मुंजाभाऊ एकटाच आला. टेबलासमोर बसला, इकडचं तिकडचं बोलला, कापसाचं बोलला, सोयाबीनचं बोलला. मग हळूच म्हणाला, "अक्काबिगर व्हतं का हो हे काम?"

"होत नाही," मी म्हणाले. "सातबारावर त्यांचं नाव आहे. त्या आल्याशिवाय एक रेघ हलत नाही. कोर्टात गेलात तर त्यांना एक नाही, दोन एकर मिळतील."

"कोर्टात कोण जायलंय? बहिणीवर कुणी कोर्ट करतंय का?" तो एकदम बिथरला. मग म्हणाला, "संक्रांतीला तिळगूळ घेऊन मी दरसाल जातो मानवतला. औंदा गेलो न्हाई. घरात कुणी बोलना माझ्याशी. माझी पोरगी शिवकन्या तर म्हणती, आत्याचं काय चुकलं ते मला सांगा."

"काय सांगितलंत तिला?"

"काय सांगणार? मला एकच भेव हाय, ताई. अक्काला मी देतो एक एकर. पण उद्या तिच्या पोरायनी ते बाहेरच्या माणसाला इकलं तर? विहिरीजवळचं रान हाय. माझ्या पाण्याच्या वाटंवर दुसरा येऊन बसंल."

आता हे भांडण माझ्या ओळखीचं झालं. माणसाच्या मनातली भीती एकदा बोलून झाली की ती कागदावर उतरवता येते. मी म्हणाले, "यासाठी हक्कसोड नको, वाटणीपत्र करू. विहिरीकडचं एक एकर तुमच्या बहिणीला, बाकीचं तुम्हाला. त्यात लिहू की हे एकर विकायचं झालं तर आधी तुम्हालाच विचारायचं, आणि विहिरीचं पाणी दोघांचं. चंद्रकलाबाई त्यांचा हक्क वेगळ्या कागदानं सोडतील."

"असं लिव्हता येतंय?"

"येतंय की."

तो जरा सैल झाला. "मग तुमीच फोन करून सांगा अक्काला."

"मी दस्त लिहिते, निरोप नेत नाही. स्टँड समोर आहे, मानवतला जायला बस मिळते. आणि या साड्या घेऊन जा, माझ्या कपाटात जागा नाही."

तो गेला. मानवतला काय झालं ते मी दोघांकडूनही ऐकलं आणि दोघांचं काही जुळलं नाही. प्रयागबाईंचं म्हणणं, मुंजा ओसरीवर बसून लहान लेकरासारखा रडला. मुंजाभाऊचं म्हणणं, बहिणीची सून शेजारी कांदे चिरत होती. एका गोष्टीवर मात्र दोघांचं एकमत होतं. भाचे दुकानातून आले आणि सगळं ऐकून थोरला म्हणाला, "मामा, आम्हाला आजच कळायलंय हे. आईला जे पायजे ते आईचं. त्या रानात आमचं काय काम?"

सहीच्या दिवशी सगळे पुन्हा आले. या वेळी जीपमध्ये मुंजाभाऊची बायको आणि शिवकन्याही होत्या. आत फोटो निघाले. मग अंगठ्याची वेळ आली आणि यंत्रानं प्रयागबाईंना ओळखायला नकार दिला. हे आमच्याकडं नेहमीचं आहे. आयुष्यभर कापूस वेचून, निंदून, भांडी घासून बायकांच्या बोटांवरच्या रेघा पुसून गेलेल्या असतात. हात धुतले, पुसले, पदरावर घासले. यंत्र लाल ते लालच. सब-रजिस्ट्रार साहेब तरुण होते, समजूतदार होते. म्हणाले, "मावशी, घाई नाही. जरा दाबून ठेवा."

"किती दाबू? ह्या अंगठ्यानं विहिरीचे दगड उचललेत, साहेब. तुमचं यंत्र फुटायचं."

सगळं ऑफिस हसलं. शेवटी डाव्या अंगठ्यावर हिरवा दिवा लागला, तेव्हा रांगेतल्या अनोळखी माणसांनीही "लागला, लागला" म्हणून गलका केला.

चंद्रकलेनं हक्कसोडीवर झोकदार सही केली आणि मला म्हणाली, "ताई, त्यात लिव्हा की दरसाल भावानं तुरीची डाळ आणून द्यावी." असलं दस्तात येत नाही, असं मी सांगितलं. मुंजाभाऊ म्हणाला, "लिव्हायचं काम न्हाई. आणतो." आणि तो आणतो, परभणीपर्यंत, अजूनही. त्यातली थोडी डाळ जिंतूरला माझ्याकडंही उतरते.

पुढं काही वर्षं प्रयागबाई हंगामाला येत राहिल्या. पेरणीला आठ-दहा दिवस, काढणीला आठ-दहा दिवस. राबायचा मुंजाभाऊच, पण पेरायचं काय ते त्या ठरवायच्या. येता-जाता माझ्या टेबलापाशी थांबून पाणी प्यायच्या.

मग मी टेबल सोडायच्या जरा आधीच्या हिवाळ्यात त्या थोरल्या मुलाला घेऊन आल्या. म्हणाल्या, "ते एकर आता शिवकन्येच्या नावानं करायचंय."

मी मुलाकडं पाहिलं. तो म्हणाला, "आईनं आम्हाला इचारलं. आमी म्हणलो, चांगलं हाय."

मी नेहमीप्रमाणं समजावलं. "मावशी, मग मृत्युपत्र करा. म्हणजे तुम्ही आहात तोवर तुमच्याच नावावर राहील. उद्या मन बदललं तर कागदही बदलता येतो. बक्षीसपत्र एकदा केलं की हातातून गेलं."

"मी मेल्यावर देऊन मला काय बगायला भेटणार?" प्रयागबाई म्हणाल्या. "मला तिचं तोंड बगायचंय. उन्हाळ्यात लगीन हाय तिचं. लगीन झालं की पोरगी पाव्हणी व्हती. मी चाळीस वर्सं माहेराला पाव्हणी म्हणून आले, पिशवी घेऊन. तिनं तसं येऊ नये."

मी बक्षीसपत्र लिहिलं. घेणाऱ्यानंही सही करून स्वीकारावं लागतं, म्हणून शिवकन्येला बोलावलं. तिला आत्यानं एवढंच सांगितलं होतं की सहीला ये. मी वाचू लागले. तिचं नाव आलं तेव्हा तिनं आधी आत्याकडं पाहिलं, मग बापाकडं. मुंजाभाऊला आदल्या रात्रीच कळलं होतं. तो शेडच्या खांबाला टेकून रस्त्याकडं बघत उभा होता. त्यानं घसा खाकरला आणि मला विचारलं, "साक्षीदार म्हणून मी चालतो का, ताई?"

"चालता."

त्यानं अक्षर अक्षर लावून पूर्ण नाव लिहिलं, आडनावासकट.

काम झाल्यावर प्रयागबाई म्हणाल्या, "ताई, तुमीबी चला रानात." मी आढेवेढे घेतले. मग माझ्याच लक्षात आलं की आयुष्यभर मी पूर्वेस अमुक आणि पश्चिमेस तमुक असं लिहीत आले, पण लिहिलेल्यापैकी एकही शेत डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. मी जीपमध्ये बसले.

ऊन उतरतीला लागलं होतं. विहिरीला वरपर्यंत पाणी होतं आणि कडेचे दगड हिरवे झाले होते. अलीकडं मुंजाभाऊची ज्वारी, पलीकडं ओढा, मधे ते एकर. त्यात हरभरा होता, घाटे भरून आलेला. प्रयागबाई मला एकेक बांध दाखवत पुढं चालल्या होत्या. मुंजाभाऊ विहिरीवरची मोटार चालू करायला गेला होता.

शिवकन्या बांधावर थांबली होती. तिनं वाकून हरभऱ्याच्या एका ढाळ्याला हात घातला आणि लहानपणापासूनच्या सवयीनं हाक मारली, "आत्या, एक उपटू का गं?"

प्रयागबाईंनी मागं वळून पाहिलं.

"मला कामून इचारायलीस?" त्या म्हणाल्या. "रान तुझं हाय. उलट आमालाच इचार, खाता का म्हणून."